दहावा गोल

हॅचरीत अंड्यावर पेन्सिलीचा गोल पडला की त्या अंड्याचा कारभार आटोपला. मग ते ट्रेमधून उचलायचं आणि पायाशी ठेवलेल्या बादलीत अलगद सोडायचं. आपटायचं नाही. आपटलं तर फुटतं आणि दिवसभर त्या कोंडलेल्या खोलीत वास भरून राहतो. दिवेवालीने बावीस वर्षांत असे किती गोल काढले, हे तिला कधी कोणी विचारलं नाही. पण पेन्सिल धरून धरून तिच्या मधल्या बोटाला जो घट्टा पडला होता, तो चण्याएवढा होता. त्यावरून ज्याने त्याने अंदाज करावा.

तिचं काम अंधारातलं, भर दिवसा. खिडक्यांना काळा कागद लावलेली खोली, टेबलाला एक भोक, भोकाखाली दिवा. अंडं त्या भोकावर धरायचं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं, मधे काळा ठिपका थरथरला, तर अंडं जिवंत. सगळं पिवळं आणि स्वच्छ दिसलं तर रिकामं. आणि रक्ताचं एक बारीक कडं दिसलं, अंगठीसारखं, तर आतला जीव धरून सुटलेला. बाकीच्या बायका अंडं फिरवून बघायच्या, डोळे बारीक करायच्या. दिवेवाली अंडं धरायची आणि ठेवायची, एवढंच. तिच्या हातालाच कळायचं, डोळे नुसते साक्षीला. रिकामं किंवा मेलेलं असलं की टोकावर गोल. डावीकडून सुरू, एका दमात बंद. जिवंत अंड्याला तिची पेन्सिल कधी लागली नव्हती. लागेल कशाला? जिवंताला खुणेची गरज नसते.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला कोंबड्यांवर रोग आला. आसपासच्या शेड एकामागून एक रिकाम्या झाल्या. हॅचरीच्या मागच्या माळावर मशीन लावून खड्डा खणला, पक्षी पुरले, वर चुना टाकला. आठवड्याने खड्ड्याची माती खाली बसली. पुन्हा भर घातली, पुन्हा बसली. तिसऱ्यांदा भर घालायला आलेला माणूस म्हणाला, "खाली कोणी ओढून घेतंय की काय!" आणि स्वतःच हसला, कारण दुसरं कोणी हसलं नाही. गरम वारा सुटला की पिसं उडत यायची. वाळत घातलेल्या कपड्यांना चिकटायची, पाण्याच्या पिंपात तरंगायची.

अंडी पाव हिश्श्यावर आली. दिव्याच्या खोलीत सगळ्या मिळून सहा बायका होत्या. सुपरवायझरने सगळ्यांना बाहेर सावलीत बोलावलं. पोरगा मनाने चांगला होता, दिवेवालीच्या मुलापेक्षा दोन वर्षांनी लहान. वाईट बातमी सांगताना तो नेहमी चपलेने माती उकरायचा. तशी उकरत त्याने सांगितलं की नवं मशीन आलंय, अंडी तेच तपासणार, त्याच्यापाशी एकच बाई लागेल.

"कोणती?" ट्रे धुणारी म्हणाली. तिला सगळे ट्रेवाली म्हणायचे, आणि प्रश्न विचारायचं काम सहाजणींनी तिच्यावरच सोपवलेलं होतं.

"मशीनवर सगळं इंग्रजीत येतं. म्हणून ऑफिसने ही पुस्तकं पाठवलीत." त्याने पातळ, रंगीत पुस्तकं वाटली. कव्हरवर हसणारं बदक होतं. "इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी शब्दकोडी. अक्षरांच्या चौकटीत शब्द लपवलेले असतात. शोधून गोल करायचा. सहा आठवड्यांनी परीक्षा. दहा शब्द. दहाच्या दहा ज्या बाईचे येतील, ती मशीनवर."

"दादा, अंड्यांना इंग्रजी येतं का?"

"मशीनला येतं."

"मग मशीनचीच परीक्षा घ्या की. आम्हाला कशाला शाळेत बसवता या वयात?"

सगळ्या हसल्या. दिवेवाली हसली नाही. ती त्या बदकाकडे बघत होती. इतक्या आनंदात असलेला पक्षी तिने त्या वर्षी पाहिला नव्हता.

घरी नवरा दारात खुर्ची टाकून बसलेला असायचा. खाद्याची पोती वाहून वाहून त्याची पाठ गेली तेव्हापासून त्याने मतं वाहायचं काम घेतलं होतं. मुलगा पिल्लांची गाडी चालवायचा. पिल्लंच नाहीत म्हटल्यावर तो लांब कुठे कोणाचा तरी ट्रक चालवायला गेला होता. रविवारी फोन करायचा आणि पैशाचा विषय निघाला की रेंज जायची. सून सातवा महिना संपवत होती. बारावी शिकलेली, घरात एकटीच. "एवढं शिकून अंड्यांच्या घरात पडले," असं ती म्हणायची, पण हसून म्हणायची. थोडक्यात, चार माणसं आणि एक येऊ घातलेलं, एवढा सगळा संसार एका पेन्सिलीला लटकला होता.

"बघू पुस्तक," सून म्हणाली आणि जमिनीवर पाय पसरून बसली. पहिलं पान पक्ष्यांचं. बारा आडव्या, बारा उभ्या चौकटी, प्रत्येकीत एक अक्षर. "आई, आधी एबीसीडी शिकायला लागेल. वेळ लागेल त्याला."

दिवेवालीने पान हातात घेतलं. "हा तर ट्रे आहे."

"ट्रे नाही, कोडं आहे."

"तू वाच तर. खाली काय लिहिलंय?"

सुनेने शब्द वाचला, अक्षरं बोटाने दाखवली. एच, ई, एन. हेन म्हणजे कोंबडी. दिवेवालीने त्या तीन आकृत्या एकदा पाहून घेतल्या, मग सवयीने कागद दाराच्या उजेडासमोर धरला आणि नजर वरून खाली एकदाच फिरवली. कानामागची पेन्सिल काढली. डावीकडून सुरू, एका दमात बंद.

सून बघत राहिली. "कसं सापडलं?"

"भरलेली जागा दिसते की. बाकी सगळी रिकामी अक्षरं."

नवरा दारातून म्हणाला, "बावीस वर्षं अंड्यात बघत होती. आता अक्षरं उबवणार."

त्या पानावरचे सगळे शब्द तिने चहा गार व्हायच्या आत शोधले.

परसात तीन कोंबड्या होत्या. त्या आठवड्यात तिन्ही गेल्या. गावात सगळ्यांच्याच जात होत्या, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. नवऱ्याने चुना टाकून पुरल्या.

दुसरं पान घरातल्या वस्तूंचं. फॅन, पंप, चेअर, लॅम्प. सोमवारी पंप जळला. बुधवारी फॅनने गरगरता गरगरता एक पातं खाली टाकलं. शुक्रवारी नवरा खुर्चीवर बसायला गेला आणि खुर्चीचा एक पाय दुसरीकडे गेला. तो जमिनीवर बसून राहिला आणि म्हणाला, "हिच्याशी माझी बावीस वर्षांची सोबत. तुझ्यापेक्षा जास्त ऐकायची माझं." कोपऱ्यातला दिवा कधी गेला ते कळलंही नाही. लावायला गेले तर लागला नाही.

"मोडायच्या वस्तू मोडतात, आई," सून म्हणाली. "फॅन माझ्या लग्नाच्या आधीपासून कुरकुरत होता."

हे खरंच होतं. दिवेवालीने मान डोलावली. पण बाई हिशेबाची होती. अंडी किती आली, किती गेली, रोज संध्याकाळी सांगायची सवय. पंप, फॅन, खुर्ची, दिवा. चारपैकी चार. अंड्यांच्या ट्रेमध्येही इतका पक्का आकडा येत नाही.

तिसऱ्या पानावर जनावरं होती. काऊ, डॉग, हॉर्स. तिच्याकडे नव्हती, बिनधास्त गोल केले. चौथी बकरी होती. जी, ओ, ए, टी. ती घराशी होती, दोन लिटर दूध देणारी. पेन्सिल त्या ओळीवर आली आणि थोडी थांबली. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. बावीस वर्षं ज्या बाईने मेलेल्या जिवांचं काही वाटून घेतलं नाही, ती आता कागदाला घाबरणार? केला गोल.

दुसऱ्या दिवशी दुपारी बकरीने चारा खाल्ला, पाणी प्यायली, जागच्या जागी दोनदा फिरली आणि खाली बसली. परत उठली नाही. अंगावर खूण नाही, तोंडाला फेस नाही. डोळे उघडेच. दिवेवालीने वाकून तिच्या डोळ्यात पाहिलं. बाहुलीभोवती रक्ताचं एक बारीक कडं होतं.

ती त्या दिवशी जेवली नाही.

मग तिने तपासायचं ठरवलं. हॅचरीत शंका आली की चोवीस अंडी बाजूला काढून बघतात, तसंच. पुढच्या पानावर क्लॉक होतं आणि मिरर होता. तिने घड्याळ सोडलं आणि आरशाला गोल केला. घड्याळ चालत राहिलं, नेहमीसारखं सात मिनिटं पुढे. सकाळी सून केस विंचरायला आरशासमोर उभी राहिली आणि ओरडली, "आई, हे काय!" आरसा जागेवरच होता, फुटला नव्हता. पण एका रात्रीत त्याचा सगळा पारा उतरला होता. मागची फळी दिसत होती आणि फळीवरचं कोळ्याचं जाळं.

"दमट हवा," नवरा म्हणाला.

"दमट कुठे आहे? पिंपात पाणी नाही आणि हवा दमट?"

"मग जुना होता."

त्या घरात जे काही जायचं ते जुनं होतं म्हणून जायचं. दिवेवालीने हेही मनात टिपून ठेवलं. नवऱ्याला दोन वर्षांनी साठी लागणार होती.

ट्रेवाली रोज दुपारच्या सुट्टीत तिच्या पुस्तकातले गोल आपल्या पुस्तकात उतरवून घ्यायची. जिभेचं टोक बाहेर काढून, शाळेतल्या पोरीसारखी. दिवेवालीने तिला विचारलं, "तुझ्या घरी सगळं ठीक ना?"

"ठीक म्हणजे? सासू जिवंत आहे. याहून काय वाईट व्हायचं?"

"पंप? बकरी? आरसा?"

"पंप चालतो. बकरी काल व्याली, दोन करडं दिली. आरशात मीच दिसते, त्याला इलाज नाही." ट्रेवालीने पेन्सिल थांबवली. "तुला झालंय काय? अंधारात बसून डोकं फिरलं का?"

गोल तेच, शब्द तेच. तिच्या घरी बकरी व्याली. म्हणजे खोट शब्दात नव्हती. दिवेवालीने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटावरचा घट्टा चकचकीत झाला होता. या हाताला आयुष्यभर एकच गोल माहीत. तो गोल काढला की पुढचं काम बादलीचं. हाताला कोणी सांगितलंच नव्हतं की इथे गोलाचा अर्थ सापडलं असा आहे, गेलं असा नाही. आणि सांगणार तरी कसं? हाताला कुठे कान असतात.

पाचवं पान शरीराचं निघालं. सून वाचायला लागली, तोवर हाताने सवयीने एक गोल केलाही होता. टी, ओ, ओ, टी, एच.

"टूथ," सून म्हणाली. "म्हणजे दात."

बाहेरून नवऱ्याचा आवाज आला. "अरे!" तो आत आला तो तळहात पुढे धरून. वर एक दाढ होती, मुळासकट. रक्ताचा थेंब नाही. "उसाचं कांडं तोडणारी दाढ होती ही," तो म्हणाला. "नुसती जांभई दिली."

 त्याने बायकोकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं. माणूस आळशी होता, मूर्ख नव्हता.

"पुढच्या पानावर काय आहे गं?"

"फॅमिली," सून म्हणाली. "कुटुंब."

"त्यात हजबंड आहे का बघ जरा. असेल तर मी आजच आंघोळ करून घेतो."

तो हसला. पण त्या दिवसापासून त्याने पुस्तक फळीवर सगळ्यात वर ठेवलं, आणि वर एक वीट.

तोड सुनेनेच काढली. तिचा विश्वास नव्हता, पण सासूची झोप उडाली होती आणि परीक्षा जवळ आली होती. "तुम्ही नुसतं बोट दाखवा. गोल मी करते, माझ्या पेनाने." तसं सुरू झालं. दिवेवाली बोट ठेवायची, सून निळ्या पेनाने गोल करायची. फॅमिलीचं पूर्ण पान तसंच झालं. मदर, फादर, सन, बेबी. काही झालं नाही. मुलाचा रविवारी फोन आला. नवरा जेवला आणि जेवणाला नाव ठेवलं. सुनेच्या पोटातला तर इतका उड्या मारायला लागला की ती हसून म्हणाली, "आई, हा बाहेर यायच्या आधीच पळायला शिकणार."

दिवेवालीने पोटाला हात लावला. डावीकडे लाथ, उजवीकडे लाथ. चारी बाजूंनी कारभार जोरात होता. तिला त्या दिवशी झोप लागली.

पण एक गोष्ट तिने तपासली नव्हती. सुनेने गोल केले ते सुनेच्या हाताने आणि सुनेच्या पेनाने. ट्रेवालीने केले ते ट्रेवालीच्या हाताने आणि ट्रेवालीच्या पेन्सिलीने. खोट हातात होती की पेन्सिलीत, हे वेगळं करून बघायचं राहून गेलं. हिशेबी माणसाची चूक अशीच होते. हजार ठिकाणी बरोबर, आणि एका ठिकाणी प्रश्नच पडत नाही.

परीक्षेच्या आदल्या दुपारी तिने घरातून एक फेरी मारली. सून विचारत होती, "काय शोधताय?" ती फळ्या, खुंट्या बघत पुढे गेली. परीक्षेत हात तिचाच लागणार होता. दहा शब्द म्हणजे दहा गोल. काय गेलं तर चालेल, काय गेलं तर निभेल, आणि काय गेलं तर नाही, असे तिने तीन भाग केले. चमचे, कप, झाडू, दोर, कुलूप, खिडकी. जाऊ देत. पिंप गेलं तर अडेल, पण बादल्या आहेत. नवऱ्यापाशी ती थोडा वेळ उभी राहिली. तो नव्या स्टुलावर बसून कान कोरत होता.

"काय बघतेस?"

"काही नाही."

"कोणत्या भागात टाकलंस मला?"

"गप बसा," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं आणि रडूही.

परीक्षा अंडी साठवायच्या खोलीत होती. तिथे कायम गारवा. सहा बायका उलट्या ट्रेवर बसल्या, मांडीवर पुठ्ठे. सुपरवायझरने कागद वाटले. सगळ्यांना एकच कागद, बारा आडव्या, बारा उभ्या. खाली दहा चित्रं आणि त्यांच्यापुढे शब्द. पेन्सिली आपापल्या.

दिवेवालीने चित्रांवरून नजर फिरवली. बूट. चमचा. किल्ली. कप. साबण. दोर. झाडू. खिडकी. मेणबत्ती. आदल्या दुपारी केलेल्या पहिल्या भागातून कोणी निवडून काढल्यासारखे होते. तिचा श्वास मोकळा झाला. मग तिने दहावं चित्र पाहिलं. दुपट्यात गुंडाळलेलं गोल तोंड, डोळे मिटलेले. बी, ए, बी, वाय.

तिने नऊ गोल काढले. डावीकडून सुरू, एका दमात बंद. दहावा शब्द तिला पहिल्या नजरेलाच दिसला होता, सातव्या ओळीत आडवा. आजूबाजूची सगळी अक्षरं पिवळी, रिकामी, आणि मधे ही चार, भरलेली. तिने पेन्सिल पुठ्ठ्यावर आडवी ठेवली आणि हात मांडीखाली घातले.

शेजारून ट्रेवालीने मान लांब करून नऊ गोल उतरवून घेतले. मग दिवेवालीकडे पाहिलं, मग स्वतःच्या कागदाकडे. "अय्या," ती पुटपुटली, "बेबी तर मलाही येतं." आणि शोधायला लागली.

सुपरवायझर फिरत फिरत आला. तो दिवेवालीच्या मागे थांबला. बाई किती वर्षं इथे आहे, घरी काय परिस्थिती आहे, हे त्याला माहीत होतं. तिनेच यावं असं त्याला मनापासून वाटत होतं.

"मावशी, एक राहिला."

"राहू द्या."

"राहू द्या काय? समोर तर आहे. हा बघा." तो वाकला. "दहापैकी दहा पाहिजेत, मावशी. नऊला काही नाही." त्याने आजूबाजूला पाहिलं, आवाज लहान केला, आणि कृपा करावी तशी तिची पेन्सिल उचलली.

तिला कळून ती हलेपर्यंत टोक कागदाला लागलं होतं. डावीकडून. शिसं करकरलं तसं तिच्या उजव्या हाताच्या घट्ट्यात कळ उठली, हात मांडीखाली असताना. तिने त्याचं मनगट धरलं. पोरगा दचकला. खोलीतल्या सगळ्या बायकांनी वर पाहिलं.

'बी'च्या भोवतीने निघून रेघ 'ए'वर येऊन थांबली होती. अर्धा गोल.

"सोडा, मावशी. काय करताय?"

"पुसा ते."

"पुसायचं कशाला? पुरा करा. अर्धा धरता येत नाही मला. एक रेघ ओढायची, मशीन तुमचं."

"खोडरबर द्या."

खोडरबर कोणाकडेच नव्हतं. हॅचरीत खोडायचं काम कधी पडत नाही. तिने बोटाला थुंकी लावून घासलं. कागद काळवंडला, सोलवटला, अक्षरं फिकी झाली. पण पोराने दाबून ओढली होती. रेघेची खाच तशीच राहिली.

"नऊच लिहा," ती म्हणाली.

"मावशी..."

"नऊ म्हटलं ना."

त्याने चपलेने माती उकरायचा प्रयत्न केला, पण खाली फरशी होती.

ट्रेवालीला दहा पडले. ती रडायलाच लागली. "तुझं बघून लिहिलं गं मी," असं म्हणत तिने दिवेवालीच्या गळ्यात हात टाकले. दिवेवालीने तिच्या पाठीवरून हात फिरवला, डावा. मग पेन्सिल तिथेच ट्रेवर ठेवून ती बाहेर पडली. बावीस वर्षांनी कानामागे हलकं हलकं लागत होतं.

ऊन उभं होतं. फाटकापाशी पोचायच्या आत तिच्या चपलेचा अंगठा तुटला. शंभर पावलांवर दुसरीचा. तिने दोन्ही तिथेच सोडल्या. एक, ती मनात म्हणाली. माळावरच्या खड्ड्यापाशी माती पुन्हा बसली होती, तिने तिकडे बघितलं नाही. घराच्या वाटेवर शेजारीण धावत आली, विहिरीचा दोर तुटून तुमची बादली आत पडली म्हणून सांगायला. दोन. पाय भाजत होते. ती पळायला लागली. पन्नाशी ओलांडलेली बाई भर उन्हात अनवाणी पळताना बघून लोक दारात आले.

सून उंबऱ्यात बसली होती. भिंतीला टेकून, दोन्ही हात पोटावर.

"किती?" तिने विचारलं.

"नऊ."

स्टुलावरून नवरा म्हणाला, "नऊला काय देतात?"

"घरी पाठवतात."

 तो म्हणाला, "चला, म्हणजे दोघं बसू." आणि स्टुलावर थोडा सरकला.

सून रागावली नाही. तिचं लक्षच नव्हतं. "आई, जरा बघता का," ती म्हणाली. "सकाळपासून नुसता नाचत होता. तुम्ही गेल्यावरसुद्धा. मग मघाशी एकदम गप्प झाला. मी घाबरले. आता हलतोय, पण..."

"पण काय?"

"एकाच अंगाला हलतोय."

दिवेवाली खाली बसली. डावा हात सुनेच्या पोटाच्या डाव्या बाजूला ठेवला. आतून लाथ आली, लगेच दुसरी. ऊब होती, ताठपणा होता, सगळं जिथल्या तिथे. मग तिने उजवा हात उजव्या बाजूला ठेवला.

तिथे काहीच नव्हतं. कातडी होती, वर घाम होता. खाली पहाटेच्या दगडासारखा गारवा.

"दवाखान्यात जाऊ का?" सून म्हणाली. आवाज लहान झाला होता.

"जाऊ. गाडी बोलवा हो." नवरा उठला तेव्हा स्टूल पडलं, त्याने ते उचललं नाही. "मी इथेच आहे. हात लावून बसते तोवर."

"काय कळतंय?"

"अजून काही नाही."

एखादं अंडं असं निघायचं की दिव्यावर धरलं तर अर्धं लाल, अर्धं काळं. जिवंत म्हणवत नाही आणि गेलं म्हणवत नाही. नव्या पोरी अशा अंड्याला घाईने गोल करायच्या. दिवेवालीने कधी केला नाही. ती ते तळहातावर घ्यायची, दुसरा तळहात वर झाकायची आणि बसून राहायची. सुपरवायझर ओरडायचे, एका अंड्यासाठी किती वेळ म्हणून. कधी दहा मिनिटं लागायची, कधी पाळी संपायची. तशी किती वाचली आणि किती गेली, हा एकच हिशेब तिने आयुष्यात ठेवला नव्हता.

"आई, हात काढा, घाम आलाय तुम्हाला."

"राहू दे. ऊब लागते."

आत खिडकीची काच वरपासून खालपर्यंत तडकली. सून दचकली. दिवेवालीने मान वळवली नाही आणि मोजलंही नाही. घट्ट्याचं बोट तिने बाकीच्या बोटांच्या वर उचलून धरलं होतं, कातडीला लागू दिलं नव्हतं. उरलेल्या चार बोटांनी आणि तळहाताने ती त्या गार जागेवर दाबून बसली.

डावीकडे लाथ आली. उजवीकडे ती वाट बघत राहिली.